मोपेडमागचा बसवंत

बसवंतला सायकलच्या शर्यतीचं वेड लागलं ते बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात शहाणी माणसं सायकल विकून स्कूटर घेतात त्या वयात. यशवंतपूरच्या एका लहान कारखान्यात तो लेथवर काम करायचा. राजाजीनगरात दोन खोल्यांत आई सकवारबाई आणि बायको भाग्यलक्ष्मी यांच्यासोबत राहायचा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड अशी त्यांची कितीतरी पिढ्यांची रीत. त्या सगळ्या पिढ्यांत कुणी शिपाई झालं, कुणी शिंपी, कुणी गिरणीत लागलं. शर्यतीत उतरलेला मात्र एकही माणूस सापडला नसता.

लोकांना तो सांगायचा की मला कप आणायचाय. ते अर्धं खोटं होतं. बसवंतचा बाप गिरणीच्या पहिल्या पाळीला निघालेला असताना सायकलवरून कोसळून गेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, दारू प्यालाय, म्हणून कुणी जवळ गेलं नाही. काळीज बंद पडलं होतं. वय चौतीस. बसवंत तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि आता येत्या माघात त्याला स्वतःला चौतिसावं लागणार होतं. दाढी करताना, जेवताना, लेथवर काम लावताना हा आकडा त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा फिरायचा. बापाचं काळीज आपल्या छातीत तर आलेलं नाही ना, हे त्याला ते वर्ष लागायच्या आत कळायला हवं होतं. एक तास जीव तोडून सायकल मारायची. मेलो नाही तर आपण सुटलो. असा त्याचा साधा, थोडासा खुळा हिशेब होता, आणि तो त्यानं बायकोलासुद्धा सांगितला नव्हता.

शर्यत डिसेंबरात व्हायची. शहरातल्या एका सायकल मंडळानं तुमकूर रस्त्यावर ठेवलेली, नेलमंगलापर्यंत जाऊन परत, मिळून चाळीस किलोमीटर. सगळे एकदम सुटायचे नाहीत. एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडायचे, ज्यानं त्यानं आपापलं एकट्यानं यायचं, आणि घड्याळ काय सांगेल तो निकाल.

शिकवणारा कुठून आणायचा? स्टेडियमवरचे कोच वसतिगृहातल्या कोवळ्या पोरांना शिकवायचे. तिशी उलटलेल्या लेथवाल्याला कोण उभं करणार? म्हणून बसवंत स्वतःच स्वतःचा गुरू झाला, आणि असे गुरू करतात तसे त्यानं नाना नियम काढले. रविवारी पायाचा रस्सा. रोज सकाळी नाचणीची अंबील. खोगीर उंच करावं की खाली आणावं यावर त्यानं सबंध पावसाळा घालवला. वळलेल्या हँडलची जुनी रेसर सायकल त्याला आप्पाजीनं मिळवून दिली होती. आप्पाजीचं कारखान्याच्या वाटेवर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

आई नको म्हणाली नाही, याचं बसवंतला नवल वाटलं. ती एवढंच म्हणाली, "एकटा जाऊ नको रे बसू. अंधारात त्या रस्त्याला कुत्री फार. भाग्याला घेऊन जा."

भाग्यलक्ष्मी एका शिवणक्लासात शिकवायची आणि तिथं जुन्या मोपेडवर जायची. पहाटे पाचला उठून नवऱ्याच्या सायकलबरोबर मोपेड पळवणं तिच्या नशिबात आहे असं तिच्या माहेरच्यांनी पत्रिका बघताना काही धरलं नव्हतं. पण ती निघाली. अंगात बसवंतचं कारखान्यातलं जाड जाकीट, डोक्याला शाल, आणि आरशात मागचा नवरा. पुढं तीच असायची, कारण मोपेडला दिवा होता आणि रस्त्याला खड्डे. बसवंत तिच्या मागच्या चाकाला हातभर अंतर ठेवून यायचा, नजर त्या लाल दिव्यावर.

आणि काय सांगावं, माणूस सुधारत गेला! सुरुवातीचे तीन-चार दिवस तो एकटा गेला होता तेव्हा त्याची जीभ बाहेर आली होती. भाग्या बरोबर यायला लागल्यापासून महिन्या-महिन्याला वेग वाढला. दसऱ्याच्या सुमाराला तर चाळीस किलोमीटर तासाभराच्या थोडं पुढं होऊ लागले. आप्पाजीनं हे ऐकलं आणि पंक्चर काढायचं सोडून उठला.

"बसवंतण्णा, मागच्या वर्षी पहिला आलेला पोरगा यापेक्षा स्वल्प मागंच होता की! कप तुमचाच धरा."

बसवंतनं याचं श्रेय नाचणीला दिलं, पायाच्या रश्श्याला दिलं, उंच केलेल्या खोगिराला दिलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर बापाच्या चौतिसाव्या वर्षाऐवजी त्याला कप दिसायला लागला. माणसाला बरे दिवस आले की भीतीसुद्धा पाहुण्यासारखी उठून जाते. फक्त ती चप्पल दारातच ठेवते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवाळीनंतर भाग्याला दिवस गेल्याचं कळलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सकवारबाईनं देवापुढं साखर ठेवली, सुनेची दृष्ट काढली आणि मोपेडची किल्ली आपल्या कनवटीला लावली. डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं, त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आता जायचं नाही. बसवंत इतका खूश झाला की कारखान्यात त्यानं सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलला बॅटरी बांधून तो एकटाच निघाला.

जालहळ्ळी मागं पडली आणि त्याला वाटलं, ब्रेक घासतोय. उतरून पाहिलं. चाक मोकळं फिरत होतं. पुन्हा बसला. पायांत कुणी वाळू भरल्यासारखं झालं होतं. दासरहळ्ळी येईपर्यंत श्वास पुरेना, आणि छातीत असं काही धडाडायला लागलं की त्याला कानात ऐकू यायला लागलं. नेलमंगलाचा नाद सोडून तो अर्ध्यातूनच वळला. घरी येऊन म्हणाला, टायरमधली हवा कमी होती.

दुसऱ्या दिवशी हवा भरून गेला. तेच. तिसऱ्या दिवशी आप्पाजीकडून चाकं उघडून, ग्रीस घालून घेऊन गेला, आणि हट्टानं चाळीसच्या चाळीस पुरे केले. घड्याळ बघितलं तर सव्वा तासाच्याही पुढं काटा. त्याला दरदरून घाम फुटला, आणि तो सायकलीचा नव्हता.

मन चिंती ते वैरी न चिंती. त्या दिवसापासून बसवंतची दोन बोटं गळ्याला चिकटली ती चिकटलीच. नाडी जोरात लागली की तो घाबरायचा. हळू लागली की जास्तच घाबरायचा. कारखान्याच्या जिन्यावरून तो मुद्दाम पळत चढायचा आणि वर जाऊन कठडा धरून उभा राहायचा, आता काय होतंय बघत. फोरमन हयवदन एकदा म्हणाला, "गळ्याला काय झालंय तुझ्या? गाठ आलीय काय?" त्या शब्दानं बसवंतच्या हातून एक चांगला तुकडा वाया गेला. आता गाठीचीही भीती लागली.

सगळ्यात वाईट म्हणजे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आईला सांगावं तर तिनं एकदा भोगलेलं पुन्हा तिच्या पुढ्यात टाकल्यासारखं. भाग्याला सांगावं तर तिच्या पोटात बाळ. आपल्याला निदान आठ वर्षं बाप मिळाला, याला तर तेवढाही मिळणार नाही, असले विचार तो करत बसायचा, आणि भाग्या "भाजी वाढू का?" विचारायची तेव्हा दचकायचा.

शेवटी तो कारखान्यातून लवकर सुटून एका डॉक्टराकडे गेला. डॉक्टरांनी छातीला तारा लावून कागद काढला, तो खालीवर पाहिला आणि म्हणाले, काळीज उत्तम आहे, काळजी सोडा. दुसरा कुणी असता तर नाचत घरी गेला असता. बसवंतला आठवलं की बापालाही त्या काळी एका डॉक्टरानं पोटात वायू धरलाय म्हणून ओवा खायला सांगितलं होतं, आणि ओवा संपायच्या आत बाप संपला होता. कागद त्यानं चुरगाळून गटारात टाकला. त्यानं ठरवलं, शर्यतीतून नाव काढून टाकायचं. रविवारी मंडळाच्या कृष्णमूर्तींना सांगून यायचं, आणि घरी म्हणायचं की गुडघा दुखतो.

तो रविवार उजाडला आणि भाग्याला तपासणीला न्यायचं होतं. रिक्षांचा संप होता. सकवारबाई कुरकुर करत कनवटीची किल्ली सोडून म्हणाली, "सरी, बरं, पण मुंगीसारखा जा. आणि तू चालव. ती मागं बसंल."

बसवंत मोपेडवर बसला. कैक महिन्यांत तो तिच्यावर बसला नव्हता. मोपेड भाग्याची, सायकल त्याची, अशी घरातली वाटणी. जाताना गल्लीगल्लीतून मुंगीसारखा गेला. बाळ ठीक होतं. येताना मोठा रस्ता रिकामा मिळाला, सरळ आणि गुळगुळीत, आणि त्यानं मूठ थोडी जास्त पिळली. वारं छातीवर आदळलं. शर्ट अंगाला चिकटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, हँडल हातांनी दाबून धरावं लागलं.

"काय वारं सुटलंय गं आज!" तो ओरडून म्हणाला.

"कुठलं वारं?" भाग्या मागून म्हणाली.

"अगं, डोळे उघडे ठेववेनात!"

"मग त्यात आज काय नवं? रोज पहाटे असंच असायचं की. तुम्ही माझ्या मागं असायचात, तुम्हाला काय ठाऊक?"

बसवंतनं मोपेड रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. भाग्या घाबरली, पेट्रोल संपलं की काय म्हणून. तो खाली उतरला आणि तिच्याकडे पाहत राहिला. लॉरीच्या मागं सायकल ओढल्यासारखी पळते हे यशवंतपूरच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. तोही लहानपणी लॉऱ्यांच्या मागं लागला होता, आईच्या हातचा मारही खाल्ला होता. पण कुठं दहा चाकांची लॉरी आणि कुठं आपली काडीएवढी भाग्या! ते जाड जाकीट, ती शाल, ती ताठ पाठ. एवढ्यानं सबंध वर्ष त्याच्या वाट्याचं वारं अडवलं जात होतं, आणि हा आपला आयत्या बिळावरचा नागोबा नाचणीचे गुण गात होता.

मग तो बोलायला लागला आणि थांबेना. मंदावलेला वेग, जिना, गळ्यावरची बोटं, डॉक्टरांचा कागद, बापाचं वय, सगळं त्यानं तिथं रस्त्यावर उभं राहून सांगितलं. भाग्यानं ऐकून घेतलं. तिचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला रागही आला.

"महिनाभर हे एकट्यानं पोटात घेऊन हिंडलात? मला सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी सांगितलं नसतं का? माझे कान रोज दुखायचे. कापूस घालून यायची मी."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही शर्यत सोडली असती."

मग डोळे पुसून ती म्हणाली, "म्हणजे तो कप खरा माझाच होता म्हणा की!"

बसवंत हसला. महिन्याभरात पहिल्यांदा हसला. पण घरी येईपर्यंत ते हसू उतरलं, कारण त्याचं डोकं गप्प बसणाऱ्यातलं नव्हतं. काळीज बिघडलेलं नाही, वारं होतं, हे ठीक. पण मग ते चांगलं आहे हे तरी कुठं कळलं? वर्षभर ज्या वेगाच्या जोरावर तो निर्धास्त झाला होता त्यात त्याच्या काळजाची परीक्षा झालीच नव्हती. ते भाग्याच्या पदराआड बसून होतं. खरी परीक्षा आता होणार, शर्यतीत, आणि तीही एकट्याची. त्यानं एक भीती सोडली आणि दुसरी धरली.

भाग्या म्हणाली, "नाव काढायचं असेल तर काढा. मी कुणाला काही बोलणार नाही. पण मग माघ आला की काय कराल? आणि त्याच्या पुढच्या माघात?"

नाव राहिलं. उरलेले पंधरा-वीस दिवस तो एकटा गेला. वाऱ्यात मान खाली घालायला शिकला, कोपर आत घ्यायला शिकला, आणि सव्वा तासातली थोडी मिनिटं दातओठ खाऊन खरवडून काढली. कप कुठल्या कुठं गेला होता. आप्पाजीला खरं सांगितलं तेव्हा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काही मत न देता सायकलच्या साखळीला तेल घातलं.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सकवारबाई म्हणाली, "मीबी येणार." बसवंतनं थंडीचं कारण सांगितलं, धुळीचं सांगितलं, बसायला जागा नसते म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "उभी राहीन." विषय संपला.

सकाळी धुकं होतं. पन्नासेक सायकलवाले हातावर हात चोळत उभे. बसवंतच्या मागं लष्करातला एक तरणा जवान होता, मांड्या खांबासारख्या. कृष्णमूर्ती हातात घड्याळ घेऊन एकेकाला सोडत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते: "दुसऱ्याच्या मागं चिकटायचं नाही. कुणी पुढं गेलं तर जाऊ द्यायचं." बसवंतची पाळी आली. आईकडे न बघता तो सुटला.

पहिले काही किलोमीटर त्याला आपल्या छातीशिवाय काही ऐकू आलं नाही. धुक्यातलं गार वारं समोरून आणि आत तो धडधडाट. मध्ये एकदा डाव्या खांद्यात चमक आली. बापाला कुठल्या खांद्यात आली असेल, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. थांबावं का? पाय थांबले नाहीत. नेलमंगलाला वळण घेताना त्याच्या लक्षात आलं की अर्धं झालं आणि आपण अजून आहोत.

परतीच्या वाटेवर तो जवान मागून आला आणि सरसर पुढं गेला. तो समोरून जाताना एक क्षण वारं थांबलं. बसवंतचं शरीर त्याला न विचारता त्या चाकामागं गेलं, हातभर अंतर ठेवून, वर्षभराची सवय होती ती. पाय हलके झाले. छातीतला ढोल शांत झाला. मागं-पुढं दुसरं कुणी नव्हतं, देखरेखीची मोटारसायकल कुठंतरी धुक्यात होती. असंच राहिलं तर दहाच्या आत नंबर लागला असता, कुणाला कळलंही नसतं.

पण त्यालाही काही कळलं नसतं. एवढ्यासाठीच तर तो आला होता. असा लपून पोचलो तर पुन्हा उद्यापासून बोटं गळ्याला. त्यानं हँडल उजवीकडे घेतलं आणि उघड्या वाऱ्यात आला. वाऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. जवान लांब गेला, ठिपका झाला, दिसेनासा झाला. बसवंतला इतकी भीती वाटत होती की डोळ्यांतून आलेलं पाणी वाऱ्याचं की कशाचं हे त्याला सांगता आलं नसतं. तरी त्यानं आणखी जोर लावला. व्हायचं असेल ते आजच, इथंच होऊ दे, अशा इरेला तो पेटला होता. दासरहळ्ळीच्या चढावर डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि गेली. जालहळ्ळी आली, आणि गेली.

रेघ ओलांडून तो थांबला तेव्हा त्याला उतरता येईना. आप्पाजीनं सायकल धरली. भाग्या सांभाळून चालत येत होती, पण तिच्या आधी सकवारबाई पोचली. त्या बाईला कुणी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तिनं काही विचारलं नाही. लोकांच्या देखत तिनं त्याच्या घामेजल्या बनियनमध्ये हात घातला आणि पंजा छातीवर दाबून धरला.

"आई, काय करतीस? सगळे बघतायत."

"बघू दे."

"चाळीस किलोमीटर आलोय गं. धडधडणारच."

"धडधडू दे रे," ती म्हणाली. "तुझ्या बापाला घरी आणला तवा मी असाच हात ठेवला होता. चालू होईल, चालू होईल म्हणून बसले. दुपारी बायकांनी ओढून काढला माझा हात."

बसवंतला वाटत होतं की ते चौतिसावं वर्ष या घरात तो एकटाच मोजतोय.

कृष्णमूर्ती वेळ सांगायला जवळ आले. बसवंतनं बोट वर करून त्यांना थोडं थांबायला सांगितलं. आईचा हात अजून निघाला नव्हता, आणि तो तिच्या मनाला येईल तेव्हा निघणार होता.